चेंडूकडे पाठ

कॅझ डोम्ब्रोव्स्कीने तीच चाल पुन्हा मागे घेतली, पुन्हा पाहिली आणि एकतीस नंबरपुढे उणे लावले. पडद्यावर टॉल्बर्ट परत एकदा पाऊलभर उशिरा पोचला होता. चेंडू त्याच्या बोटांना चाटून पलीकडे गेला आणि समोरच्या संघाचा गडी मोकळ्या मैदानात पळत सुटला.

"झोपा काढतोय लेकाचा," कॅझ म्हणाला. खोलीत ऐकायला दुसरे कोणी नव्हते.

सामना नसलेला आठवडा होता. हंगामाच्या मध्यावर अशी एकच सुट्टी मिळते. टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघातले खेळाडू आपापल्या घरी पांगले होते, आणि सहायक कोच मात्र बिनखिडक्यांच्या खोल्यांत बसून आपल्याच संघाची चिरफाड करत होते. या वर्षी चिरफाडीला भरपूर माल होता. संघ जिंकला कमी आणि हरला जास्त, आणि हरण्याचे खापर बचावाच्या डोक्यावर फुटले होते. बचावाचा मुख्य कोच रस हॅल्व्हर्सन वयाने कॅझच्या मुलाएवढा, या वर्षीच दुसऱ्या संघातून आलेला. सुट्टीवर जाताना तो दारात उभ्या उभ्या म्हणाला होता, "कॅझ, सोमवारी मला अकराच्या अकरा जणांचा निकाल हवा. आणि टॉल्बर्टला काढायचंय. तेवढं नीट मांडून द्या."

निकाल देण्याची रीत जुनी आणि साधी. प्रत्येक चालीत प्रत्येक गड्याला एक खूण, अधिक नाहीतर उणे. मधले काही नाही. थोडासा बरा, थोडासा चुकला, असले लाड या धंद्यात चालत नाहीत. कॅझचे केस या अधिक-उण्यांत पिकले होते. त्याच्या उण्यांवर माणसांनी घरे विकली होती, मुलांच्या शाळा बदलल्या होत्या, आणि त्याला रात्री झोप लागत आली होती, कारण त्याने कधी खोटे उणे लावले नव्हते.

खोटे अधिकही नाही. थॅड पेटवेच्या चोपन्न नंबरपुढे अधिकांची रांग लागली होती, आणि ती पाहताना कॅझला दरवर्षीप्रमाणे आतून ऊब वाटली. पेटवे बचावाच्या मधोमध उभा राहणारा लाइनबॅकर. कोणी कुठे उभे राहायचे, कोणी कोणाला धरायचे याची हाक तोच देतो आणि बाकीचे दहा जण त्याच्या तोंडाकडे बघतात. नऊ वर्षांपूर्वी अलाबामातल्या एका आडबाजूच्या कॉलेजात, जिथे दुसरा कोणताच संघ फिरकला नव्हता, कॅझने त्याला हेरले. पाण्याच्या पिंपावर बसून तो उकडलेल्या शेंगा खात होता. शेंगा खाता खाता त्याने समोरच्या संघाची पुढची चाल तोंडाने सांगितली, आणि पुढच्या क्षणी ती तशीच घडली. कॅझने त्याच दिवशी टोलेडोला फोन लावला होता.

टॉल्बर्टचे मात्र काही केल्या जमेना. तो मंद नव्हता. पळण्यात संघात त्याच्यापुढे कोणी नाही. आळशी गडी असला तर तो सगळीकडे उशिरा पोचतो, हे कॅझला ठाऊक होते. टॉल्बर्ट काही चालींत वाऱ्यासारखा येत होता आणि काही चालींत त्याचे पाय कोणी धरून ठेवल्यासारखे. कॅझने उशिराच्या चाली वेगळ्या काढून एकापुढे एक लावल्या. दुपार गेली. मग त्याच्या लक्षात आले की त्या सगळ्या चालींत समोरच्या संघाने अगदी शेवटच्या घटकेला आपला एखादा गडी या बाजूचा त्या बाजूला हलवला होता. गडी हलला की टॉल्बर्ट उशिरा. नाही हलला की चोख.

म्हणजे त्याला हललेला गडी उशिरा दिसतो, असे कॅझने मनाशी ठरवले. निकाल द्यायला तेवढे पुरे होते. पण नक्की किती उशिरा दिसतो ते पाहावे म्हटले, तर फीत चेंडू सुटून चाल सुरू व्हायच्या जेमतेम श्वासभर आधी सुरू होत होती. सगळ्याच संघांच्या फिती अशाच असतात. चेंडू सुटण्याआधीचा वेळ म्हणजे माणसे चालतात, वाकतात, पट्टे ओढतात. तो बघण्यात कोणाला रस नसतो, म्हणून फितींच्या खोलीतच तो कापून टाकतात. सारा धंदा अशीच कापलेली फीत बघून माणसांची किंमत करतो.

फितींच्या खोलीत फिती सांभाळणारी लॉरीन एकटीच डबा खात होती.

"बिनकापलेली आहे का?" कॅझने विचारले. "पहिल्या सामन्यापासूनची?"

"आहे की. पण कशाला? लोक मैदानात नाक कसं खाजवतात ते बघायचंय?"

"तेच बघायचंय."

"वय झालं तुमचं, कॅझ," ती म्हणाली आणि डबा बाजूला ठेवून उठली.

या फितीचा कॅमेरा उंचावर, हल्ला करणाऱ्या संघाच्या पाठीमागे असतो, त्यामुळे बचाव करणाऱ्यांचे चेहरे आपल्याकडे असतात. पेटवेच्या हेल्मेटमध्ये बारकासा स्पीकर आहे. त्यातून हॅल्व्हर्सन त्याला हाक सांगतो, आणि पेटवे ती इतरांना देतो. कॅझने पाहिले, पेटवे ऐकतो आहे, मान हलवतो आहे, हात करकरून माणसे जागेवर लावतो आहे. झकास. मग समोरचा एक उंचापुरा गडी उजवीकडून उठून डावीकडे चालत गेला. आता हाक बदलायला हवी. चेंडू सोडायला किती वेळ उरला ते दाखवणाऱ्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की नियमाप्रमाणे तो स्पीकर मुका होतो. तिथून पुढे लाइनबॅकरचे स्वतःचे डोके.

पडद्यावर चोपन्न नंबर दिसला, आणि वर मोठ्या अक्षरांत नाव. पेटवे. कॅझला क्षणभर कळेना की नाव का दिसते आहे. नाव पाठीवर असते.

पेटवेने चेंडूकडे पाठ केली होती.

आठ वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, की आकाश कोसळले तरी चेंडूकडे पाठ करायची नाही. कॅझला वाटले, मागच्या कोणाला तो दटावत असेल. त्याने पुढची अशीच चाल काढली. समोरचा गडी हलला; पाठ. त्याच्या पुढची. पाठ. आणि प्रत्येक वेळी लांब मागे उभा असलेला टॉल्बर्ट आपली जागा सोडून धावत पुढे यायचा, डावी मूठ छातीवर आपटायचा, किंवा हात डोक्यावर धरायचा. ते पाहून पेटवे वळायचा आणि खणखणीत आवाजात हाक द्यायचा. टॉल्बर्ट मागे पळायचा. तोवर चेंडू सुटलेला असायचा.

छातीवर मूठ म्हणजे "मोबिल". गडी उजवीकडून डावीकडे गेला की मोबिल, डावीकडून उजवीकडे गेला की "डेन्व्हर". खुणा कॅझनेच बसवल्या होत्या, पेटवेच्या पहिल्या वर्षी, गोंगाटात आवाज पोचत नाही म्हणून. पहिल्या हाकेला त्याने मुद्दाम पेटवेच्या गावाचे नाव दिले होते. पोरगा घरच्या आठवणीने तेव्हा हवालदिल असे.

कॅझने सगळे सामने उलटे पाहत आणले. चौथ्या सामन्याच्या आधी पाठ कुठेच नव्हती. चौथ्या सामन्यात पेटवेने अंगावर आलेल्या गड्याला डोक्याने थोपवले होते, दोघेही पडले, पेटवे गुडघ्यावर बसून राहिला, एका चालीपुरता बाहेर गेला आणि बुटाची नाडी सुटली होती म्हणून सांगून परत आला. त्या चालीला कॅझने अधिक लावले होते. गडी अडला होता ना.

त्याने दिवा लावला. कॉफीवर साय धरली होती. ती त्याने तशीच पिऊन टाकली.

* * *

टॉल्बर्ट सुट्टीत घरी गेला नव्हता. कॅझने त्याला पूर्वेकडच्या जुन्या हंगेरियन दुकानात बोलावले. तिथे सॉसेज घातलेले पाव मिळतात, वर मसालेदार खिमा. टॉल्बर्टने दोन मागवले आणि पहिल्याचा मोठा घास घेतला.

"तू उशिरा का पोचतोस?" कॅझने विचारले.

"पाय जड झालेत, कोच. वय झालं."

"सव्वीस?"

"मग आळशी लिहा. लिहा काहीही."

"मी बिनकापलेली फीत बघितली."

टॉल्बर्टचे चावणे थांबले. त्याने घास कसाबसा गिळला, कागदी रुमालाने एक एक बोट पुसले.

"अजून कोणी बघितली?"

"कोणी नाही. त्याने तुला सांगितलं होतं? मदत कर म्हणून?"

"तो काय सांगतोय! पाचव्या सामन्यात एकदम वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. दुकानात आईचा हात सुटलेलं पोर बघतं ना, तसं. मी काय करणार होतो, कोच? चेंडू सुटायला आला होता." त्याने रुमाल चुरगळला. "आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललेलो नाही. आजपर्यंत."

"ते तुला काढणार आहेत. ह्या उशिरापायी."

"काढू देत. दुसरीकडे खेळेन."

"आणि तुझ्या जागी येईल त्याचं काय? त्याला ह्या खुणा कुठे माहीत असणार?"

हे टॉल्बर्टच्या ध्यानात आले नव्हते. त्याचा चेहरा उतरला. खिमा पावावरून ओघळून कागदावर पडला, तो त्याने पाहिलाही नाही.

"शिकवीन त्याला," शेवटी तो म्हणाला. "जायच्या आधी."

कॅझला हसू यायला हवे होते. त्याऐवजी त्याने ओघळलेला खिमा कागदासकट बाजूला सारला. असा मुलगा त्याने झोपाळू ठरवून बाहेर काढायला ठेवला होता, आणि तो मुलगा जाता जाता आपल्या जागेवरच्या माणसाला पेटवेची काळजी घ्यायला शिकवणार होता.

"त्याला जानेवारीत, हंगाम संपला की, स्वतःच्या पायांनी बाहेर पडू द्या," टॉल्बर्ट म्हणाला. "एवढंच आहे, कोच. तुम्ही काय वाट्टेल ते लिहा माझ्याबद्दल."

* * *

पेटवेच्या मागच्या अंगणात भट्टीवर डुकराच्या बरगड्यांना धूर बसत होता. तो चिमटा हातात घेऊन दारातच आडवा आला. "आले म्हातारबा! रेनिटा, कुलूप लाव फ्रिजला!"

"तुझी भट्टी पेटली की वास एरी सरोवरापर्यंत येतो," कॅझ म्हणाला. "पोलीस यायच्या आधी मी आलो."

"पोलिसांना एकेक बरगडी देऊन परत पाठवतो मी. तुम्हाला दोन द्याव्या लागतात."

तो आपला नेहमीचाच पेटवे होता. दांडगा, हसरा, खांद्यावर थाप मारली की दिवसभर दुखावे असा. कॅझला वाटले, आपण फितीत भलतेच पाहिले. एवढे वाटायला त्याला फार बरे वाटले, आणि त्या बरे वाटण्याच्या भरात त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिठाची बाटली, मिरपुडीची, दोन पेले आणि चमचे मांडले. कोच लोकांचा जेवणाआधीचा हा खेळच आहे. पेटवे समोर बसला. रेनिटा, त्याची बायको, नळाखाली कोलार्डच्या भाजीची पाने धूत होती. तिची त्यांच्याकडे पाठ होती.

"हा आपला चेंडू," कॅझ म्हणाला. "हे तुम्ही. आणि हा त्यांचा गडी." त्याने मिरपुडीची बाटली उजवीकडून उचलली आणि डावीकडे ठेवली. "बोल."

पेटवे हसला. बाटलीकडे बघितले. मग त्याची नजर कॅझच्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथेच थांबली. हसू चेहऱ्यावर तसेच राहिले होते, पण ते आता कोणी काढून न्यायचे विसरून गेल्यासारखे दिसत होते.

नळ वाहत होता.

"मोबिल," रेनिटा वळून न बघता म्हणाली.

"मोबिल!" पेटवेने टेबलावर हात मारला. पेले खणखणले. "हा काय प्रश्न झाला, म्हातारबा? काहीतरी अवघड विचारा."

कॅझने बाटल्या जागच्या जागी ठेवल्या. अवघड काही विचारले नाही. बरगड्या छान झाल्या होत्या आणि त्याने दोन खाल्ल्या.

रेनिटा त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. हात अजून ओले होते, ते ती स्वेटरला पुसत राहिली.

"सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घेते मी त्याच्याकडून," ती म्हणाली. "सगळ्या हाका. मला आता झोपेतही येतात. त्याला सकाळी येतात आणि संध्याकाळी जातात."

"डॉक्टरांना कळलं नाही?"

"डॉक्टर ठरलेलंच विचारतात, कोच. महिने उलटे म्हणा, हे पाच शब्द लक्षात ठेवा. तेही घेते मी त्याच्याकडून." तिने घराकडे बघितले. "जानेवारीपर्यंत, म्हणतो. मग स्वतः सोडणार. माझ्याकडून शब्द घेतलाय. तुम्ही बोललात ना, तर तो तुमचं तोंड बघणार नाही. त्याच्या वडलांनी त्याला खेळताना कधी बघितलं नाही, तुम्ही बघितलंत. तेवढंच आहे त्याच्याकडे."

"आणि नाही बोललो तर? अजून अशी एक टक्कर झाली तर?"

रेनिटाचे हात थांबले.

"मला नका विचारू," ती म्हणाली. "मी त्याला होय म्हटलंय. मला नका विचारू ना."

* * *

सोमवारी कॅझने हॅल्व्हर्सनला खुर्चीवर बसवले आणि बिनकापलेली फीत लावली. हॅल्व्हर्सन चलाख माणूस होता. तिसऱ्या पाठीला तो पुढे वाकला, पाचव्या पाठीला त्याने पेन खाली ठेवले.

"बापरे," तो म्हणाला.

"हो."

"कधीपासून?"

"चौथ्या सामन्यापासून."

"आणि हाक किती वेळा चुकली?"

"हाक एकदाही चुकली नाही. तो मुलगा चुकू देत नाही."

हॅल्व्हर्सन मागे रेलला. बराच वेळ तो थांबवलेल्या चित्राकडे बघत होता. पेटवेची पाठ, आणि तिच्यापलीकडे छातीवर मूठ धरलेला टॉल्बर्ट.

"म्हणजे टॉल्बर्टला काढायचं नाही," तो म्हणाला. "बरं झालं दाखवलंत. मोठीच चूक करून बसलो असतो मी."

कॅझ पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला.

"त्याला चार पावलं पुढे उभा करू," हॅल्व्हर्सन म्हणाला. "म्हणजे खूण करून परत जायला वेळ मिळेल. उशीर भरून निघेल. आणि ती उणी काढून टाका त्याची. अन्याय होतोय पोरावर."

"रस, पेटवेचं काय?"

"त्याचं काय? त्याला अधिकच आहेत सगळी. तुम्हीच लावलीत."

"त्याला काही आठवत नाही, रस. त्याला त्याच्या स्वतःच्या गावाचं नाव..."

"डॉक्टरांनी सप्टेंबरात पास केलंय त्याला. मी डॉक्टर नाही. तुम्हीही नाही." हॅल्व्हर्सनचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "मलाही तो आवडतो, कॅझ. पण मी त्याला बसवला तर ही अकरा माणसं कोण लावणार? तुम्हाला काय विचारलं होतं? बचाव कुठे अडतो ते. टॉल्बर्टपाशी. आता का अडतो तेही कळलं. छान काम झालं."

कॅझ जागचा हलला नाही. वरिष्ठांकडे जावे, डॉक्टरांकडे जावे, हे सगळे त्याच्या मनात येऊन गेले. डॉक्टर पेटवेला बोलावतील, महिने उलटे म्हणायला सांगतील, आणि पेटवे ते म्हणेल. पास होईल आणि बाहेर येऊन विचारेल की चुगली कोणी केली. फीत दाखवली तर हॅल्व्हर्सन शांतपणे सांगेल की मागे वळून बघणे ही आमची नवी पद्धत आहे. तो आताच ती पद्धत करून बसला होता.

त्याने एकतीस नंबरपुढची उणी एकेक करून खोडली. हिशोबाने बघितले तर ते बरोबरच होते. इतका संताप त्याला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कोणावर काढावा हे त्याला ठरवता येत नव्हते, कारण फीत त्यानेच आणून दाखवली होती.

बुधवारी सरावाआधी त्याने टॉल्बर्टला कपड्यांच्या खोलीत गाठले.

"तुला काढत नाहीत," तो म्हणाला. "चार पावलं पुढे उभा राहा म्हणतात. खूण करायला सोपं."

टॉल्बर्ट बुटाची नाडी बांधत होता. "म्हणजे त्यांना कळलंय?"

"मी दाखवलं. मला वाटलं, बघितलं की थांबवतील."

"कळलंय, आणि तरीही?"

टॉल्बर्टने बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.

"इतके दिवस मी त्याला लपवत होतो त्यांच्यापासून," तो खाली बघतच म्हणाला.

* * *

सरोवरावरून बोचरा वारा येत होता. सरावाच्या सुरुवातीचा थोडा वेळ बातमीदारांना आत सोडतात. ते दोरीपलीकडे हात चोळत उभे होते. संघाचा डॉक्टर बाकावर कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. वरिष्ठ कोच मैदानाच्या मधोमध फेऱ्या मारत होते. कॅझ कडेच्या पांढऱ्या रेघेवर उभा राहिला. तिथे तो नऊ वर्षे उभा राहत आला होता.

पेटवेने स्पीकरमधून हाक ऐकली, मान हलवली, माणसे लावली. त्याचा आवाज वाऱ्यावर मात करून इथवर येत होता. मोठे घड्याळ उतरत होते. पंधरावर आले तसा स्पीकर मुका झाला असणार, आणि तेवढ्यात समोरचा उंचापुरा गडी उजवीकडून उठून डावीकडे चालत गेला.

पेटवे वळला. चेंडूकडे त्याची पाठ झाली.

टॉल्बर्ट सांगितल्याप्रमाणे चार पावले पुढे, अगदी जवळ उभा होता. त्याने खांद्यावरच्या संरक्षक पट्ट्याची कड दोन्ही हातांनी गळ्याशी धरली होती. हात तिथेच राहिले. तो गवताकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते, पण हात हलले नाहीत.

पेटवे वाट बघत राहिला.

बाकीचे नऊ जण त्याच्या तोंडाकडे बघू लागले. समोरून चाल चालवणारा क्वार्टरबॅक चेंडू मागायच्या बेतात होता, तोही थबकला. मधल्या माणसाची पाठ आपल्याकडे आहे असे त्याने कधी पाहिले नव्हते.

"टॉल्बर्ट!" हॅल्व्हर्सन पलीकडून ओरडला. "अरे टॉल्बर्ट!"

दोरीपलीकडचे बोलणे बंद पडले. डॉक्टरने पेला तोंडाशी नेला होता, तो खाली आणला.

पेटवेची मान हळूहळू फिरली. टॉल्बर्टवरून निघाली, प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांवरून गेली, आणि रेघेवर उभ्या असलेल्या कॅझपाशी येऊन थांबली. हेल्मेटच्या जाळीआडून त्याचे डोळे दिसत होते. त्यांत भीती नव्हती. म्हातारबा आहे ना, एवढेच त्यांत होते.

कॅझची डावी मूठ आपोआप वळली होती आणि पोटापर्यंत वर आली होती. हात नऊ वर्षांच्या सवयीचा. अजून वीतभर, की सगळे निभावणार होते. आजचा सराव, रविवारचा सामना, त्याच्या पुढचा. पेटवे हसून हाक देणार होता, आणि जानेवारीपर्यंत त्याला म्हातारबाच म्हणणार होता.

कॅझने मूठ उघडली. हात जाकिटाच्या खिशात घातला. मग दुसराही घातला.

भोंगा वाजला. घड्याळ शून्यावर उभे होते आणि चेंडू जागचा हलला नव्हता. सगळ्या मैदानावर फक्त वाऱ्याने फडफडणाऱ्या दोरीचा आवाज येत होता.

"डेन्व्हर?" पेटवेने विचारले. हळूच, फक्त कॅझकडे बघत.

कॅझने खिशांतले हात घट्ट धरून ठेवले. बाकावर पेला ठेवून डॉक्टर उठला आणि मैदानात चालत येऊ लागला.